पुरातून आलेला चित्रांचा गठ्ठा

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची फुटांत विचारत नाहीत. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की खांद्यापर्यंत चढले, एवढेच विचारतात आणि त्यावरून दुकानातला माल कोणत्या फळीवर ठेवायचा ते ठरवतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले मोठे पूर अजून सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असतानाच शहरातही जोराचा पाऊस झाला, तर सरस्वती नाल्याचे पाणी दहीपूल, सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या तळमजल्यांत शिरायला फार मोठ्या पुराची गरज लागत नाही. माझे काम चित्रांना चौकटी करण्याचे आणि कागदावरच्या जुन्या चित्रांची डागडुजी करण्याचे असल्यामुळे असे पाणी ओसरले की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे काही ना काही भिजलेले येतेच. बहुतेक वेळा ते लग्नातले फोटो किंवा देवादिकांच्या छापील तसबिरी असतात. एका वर्षी मात्र ताडपत्रीत गुंडाळलेला एक जाड गठ्ठा आला, आणि त्यातली चित्रे जलरंग व पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या रंगांची तुलना करण्यासाठीच काढलेली होती.

चित्रे एका निवृत्त कलाशिक्षकांची होती. आयुष्यभर त्यांनी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले होते, आणि निवृत्तीनंतर एकच दृश्य दोन साहित्यांत रंगवण्याचा उद्योग हाती घेतला होता. नारोशंकराचे देऊळ एकदा जलरंगात आणि एकदा शाईच्या वड्यांनी, सुंदरनारायणाच्या पायऱ्या दोन्हींत, भांडी बाजारातली तांब्यापितळेची दुकाने दोन्हींत, अशा जोड्या त्यांनी केल्या होत्या. जलरंगातली चित्रे ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, जाड सुती कागदावर होती. शाईच्या चित्रांसाठी डरवेंट या ब्रिटिश कंपनीच्या ‘इंकटेन्स’ या मालिकेतल्या पेन्सिली, वड्या आणि पॅनमधले रंग वापरले होते. या तिन्हींचे द्रव्य मूळ एकाच जातीचे आहे. पेन्सिलीत ते लाकडी आवरणात बसवलेले असते, वडी म्हणजे तेच द्रव्य आवरणाविना, आणि पॅन ओल्या कुंचल्याने उचलण्यासाठी असतो. वडी कागदावर घासता येते, किसून तिची पूड ओल्या कागदावर शिंपडता येते, किंवा सरळ ओला कुंचला तिच्यावर फिरवून रंग घेता येतो.

गठ्ठा उघडल्यावर पहिल्या नजरेला जे दिसले ते फसवे होते. जलरंगातले नारोशंकर पाहवत नव्हते. घाटाचा करडा रंग नदीत उतरला होता, कळसाच्या कडेला पाण्याची रेघ उमटली होती आणि सगळ्यावर गाळाचा पिवळट थर होता. त्याच्याच जोडीचे शाईचे चित्र चिखल सोडला तर जसेच्या तसे होते, रंग उलट ओलेपणामुळे अधिकच झळकत होते. सरांबरोबर आलेल्या त्यांच्या सूनबाईंनी साहजिकच म्हटले, “ही बिघडलेली आधी घ्या, ही दुसरी बरी आहेत, ती थांबतील.” मी त्यांना उलट क्रम सांगितला. बिघडलेली थांबू शकत होती आणि बरी दिसणारी थांबू शकत नव्हती.

याचे कारण दोन्ही रंगांच्या घडणीत आहे. जलरंगात रंगद्रव्याचे कण डिंकाने बांधलेले असतात, आणि हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडाचा असतो. तो सुकला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो. आज, दहा वर्षांनी, केव्हाही. म्हणून सुकलेल्या जलरंगावरून ओला कुंचला फिरवून रंग उचलता येतो, आकाशात ढग मोकळा करता येतो, आणि म्हणूनच पुराच्या पाण्यात तो वाहतो. मात्र याच गुणामुळे पुराने केलेला ओघळसुद्धा सुकल्यानंतर पुन्हा ओला करून काढता येण्याची बरीच आशा असते. शाईच्या रंगाचे तसे नाही. तो पाण्यात एकदा पूर्ण विरघळून कागदावर सुकला की पुढच्या पाण्याला दाद देत नाही. खालचा हात न ढवळता त्यावर दुसरा आणि तिसरा हात देता येतो, हे त्याचे खरे आकर्षण आहे. परंतु पेन्सिलीची जी रेघ चित्रकाराने कोरडीच सोडलेली असते, किंवा वडीचा जो जाड थर अर्धवटच विरघळलेला असतो, तो पुराच्या पाण्यात पहिल्यांदा विरघळतो, पसरतो, आणि आता सुकला की त्या पसरलेल्या जागीच कायमचा बसतो. म्हणजे शाईच्या चित्रांवर जे काही पसरले असेल ते काढण्याची मुदत कागद ओला आहे तोपर्यंतच होती. गठ्ठ्याच्या कडेची पाने वाऱ्याने सुकू लागली होती.

तरीही सरळ पाण्यात हात घालता येत नाही. आधी प्रत्येक रंगाची परीक्षा करावी लागते. कुंचल्याच्या टोकाने स्वच्छ पाण्याचा एक थेंब नजरेत न येणाऱ्या जागी ठेवायचा, काही क्षण थांबायचे, वर टीपकागदाचा तुकडा दाबायचा आणि त्यावर रंग उतरतो का ते पाहायचे. हे काम कंटाळवाणे असते, आणि घरची मंडळी शेजारी उभी असताना तर फारच हळू चालल्यासारखे वाटते. पण त्या दिवशी याच परीक्षेने एक मोठा घोटाळा टाळला. गठ्ठ्यात सरांची काही जुनी रेखाटने होती, ती साध्या पाणपेन्सिलींनी, म्हणजे वॉटरकलर पेन्सिलींनी केलेली होती. डोळ्यांना ती आणि शाईच्या पेन्सिलीची चित्रे यांत फरक कळत नव्हता. अशी पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल काही नवीन नाही. जिनिव्हाच्या कारान दाश कंपनीने ‘प्रिस्मालो’ या नावाने ती १९३१ मध्येच बाजारात आणली. अशा पेन्सिलींचा रंग सुकल्यावरही पुन्हा विरघळू शकतो. थेंब ठेवल्याबरोबर टीपकागदावर निळा ठसा उमटला, आणि ती पाने मी शाईच्या ढिगातून काढून जलरंगांच्या ढिगात ठेवली. ‘ओली पेन्सिल’ म्हणून सगळ्यांना एकाच पंगतीला बसवण्याची सवय विक्रेत्यांना आणि शिकवणी घेणाऱ्यांनाही आहे. चौकट करणाऱ्याला ती परवडत नाही.

सर्वांत अवघड पान भांडी बाजाराचे निघाले. दुकानाच्या फळ्यांवर रचलेली तांब्याची घंगाळे आणि पितळी समया सरांनी आधी वडीचा रंग पाण्यात उतरवून पातळ वॉशने, म्हणजे पाणीदार सपाट थराने, रंगवल्या होत्या. तो सुकल्यावर सावलीच्या बाजूला गडद तपकिरी पेन्सिलीने रेघा दिल्या होत्या आणि त्या मुद्दाम कोरड्या ठेवल्या होत्या, कारण त्या खरखरीत रेघांमुळेच धातूला वजन आले होते. पुराच्या पाण्याने त्या रेघा विरघळून तपकिरी ओघळ शेजारच्या पिवळ्यावर उतरला होता. मी ते पान उथळ तसराळ्यात तिरक्या काचेवर ठेवले, वरून मऊ कुंचल्याने स्वच्छ पाणी सोडले आणि दुकानातला मुलगा खालच्या कडेला टीपकागद धरून उतरणारा रंग शोषून घेत राहिला. हळूहळू ओघळ निघाला, आणि त्याच्याखालचा पिवळा वॉश तसूभरही हलला नाही. जलरंगात हे घडणे अशक्य होते. वरचा डाग धुताना खालचा रंगही त्याच्याबरोबर गेला असता. इतकी वर्षे कागदावर काम करत असूनही एका रंगाखालचा दुसरा रंग असा अभंग राहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. सर खुर्चीतून उठून जवळ आले आणि म्हणाले, “म्हणजे वॉश वाचला आणि माझ्या रेघा गेल्या.” ते खरेच होते. सावलीच्या रेघांपैकी पातळ होत्या त्या ओघळाबरोबर नाहीशा झाल्या आणि जाड होत्या त्यांच्या मऊ पट्ट्या झाल्या.

सुंदरनारायणाच्या चित्रात पायऱ्यांच्या काळ्या दगडासाठी वडी जोराने घासलेली होती. तिथे थेंबाच्या परीक्षेला प्रत्येक वेळी थोडा थोडा रंग उतरतच राहिला. ‘सुकल्यावर पक्का’ हे म्हणणे पातळ आणि पूर्ण विरघळलेल्या थरालाच लागू पडते, जाड थरात आतला रंग तसाच राखीव राहिलेला असतो, हे तिथे उघड दिसले. ते पान मी धुतले नाही, नुसते टीपून घेतले. गठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला असलेले एक पान आणण्यापूर्वीच सुकले होते आणि त्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग बसला होता. त्यावर पाण्याचा, कुंचल्याचा काहीही परिणाम झाला नाही. तो डाग शेवटी मी माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी थोडी आत सरकवून झाकला.

जलरंगांचे त्या दिवशी मी अगदी थोडेच केले. पाने एकमेकांपासून सुटी केली, टीपकागदांच्या थरांत सपाट ठेवली, कागद वारंवार बदलले आणि पंख्याचा वारा थेट न येईल अशी व्यवस्था केली. अशी चित्रे उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवली की कागद वेडावाकडा होतो, आणि दमट हवेत दोन दिवस तशीच राहिली तर बुरशी धरते. गाळ ओला असताना पुसला की तो कागदाच्या तंतूंत घुसतो, म्हणून तो सुकल्यावर मऊ कोरड्या कुंचल्याने झाडायचा असतो. एक चित्र चौकटीसह भिजून काचेला चिकटले होते. ते ओढून न काढता काच खाली ठेवून तसेच बाजूला ठेवले. त्याची कथा वेगळी आणि लांबलचक आहे.

पुढच्या आठवड्यांत जलरंगांकडे वळल्यावर प्रत्येक रंगद्रव्याचा स्वभाव दिसू लागला. दगडासाठी सरांनी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले होते. या दोन्हींचे कण जाडसर असल्यामुळे ते कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे बेसॉल्टचा दाणेदारपणा आपोआप येतो आणि ओल्या कुंचल्याने उचलले की ते बरेचसे सुटतातही. नदीत उतरलेला करडा रंग त्यामुळे बऱ्यापैकी निघाला. थॅलो हिरव्याने मात्र कागद रंगवून टाकला होता. तो फिका झाला, पण गेला नाही. जलरंग म्हणजे सगळाच पुसता येणारा रंग, ही समजूत इथे टिकत नाही. शाईच्या वड्यांनी काढलेल्या दगडात तो दाणा नव्हताच. रंग सपाट आणि सतेज बसला होता, गर्दीच्या आणि ध्वजांच्या चित्रांना तो शोभत होता, पण भिजलेल्या घाटाला नाही. कोणता रंग अधिक उजळ दिसतो, यावर वाद घालणारे चित्रकार या फरकाकडे फारसे पाहत नाहीत असा माझा अनुभव आहे.

माझ्या कामाचा एक नियम असा की हरवलेला भाग मी माझ्या हाताने रंगवत नाही. पण इथे चित्रकार स्वतः हजर होते. नारोशंकराच्या जलरंगातला नदीचा भाग सरांनी माझ्याच टेबलावर पुन्हा ओला केला, उरलेला मळकट रंग उचलला आणि त्याच रंगाला इकडून तिकडे खेळवून पाणी नव्याने उभे केले. तसे भांडी बाजारातल्या रेघांचे करता आले नाही. त्या त्यांना पहिल्यापासून नव्याने काढाव्या लागल्या, आणि या वेळी त्यांनी प्रत्येक रेघेवरून ओला कुंचला फिरवला. मला जुन्या कोरड्या रेघा अधिक आवडल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलेही. ते म्हणाले की दहीपुलाजवळ राहणाऱ्याला कोरड्या रेघेची चैन परवडत नाही.

प्रश्न राहिला तो प्रकाशाचा. भांडी बाजाराचे चित्र पाण्यातून तरले, म्हणून सूनबाईंना ते दिवाणखान्यात खिडकीसमोर लावायचे होते. मी नको म्हटले. पाण्याला पक्का असलेला रंग उन्हाला पक्का असेलच असे नाही. प्रकाशात टिकण्याची मोजणी निळ्या लोकरीच्या नमुन्यांशी ताडून १ ते ८ या श्रेणीवर करतात, त्यात ८ सर्वांत टिकाऊ, आणि इंकटेन्समधल्या सगळ्या छटा त्या श्रेणीवर सारख्या उतरत नाहीत. जलरंगाच्या चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असे असते, तर उन्हाला कच्चा म्हणून प्रसिद्ध असलेल्या जुन्या अलिझारिन क्रिमसनवर पीआर ८३. पेन्सिलीच्या अंगावर असा क्रमांक सापडत नाही. सरांचा माझ्या शब्दावर विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी दोन्ही साहित्यांच्या पट्ट्या एका कागदावर ओढल्या, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि तो कागद दक्षिणेच्या खिडकीत चिकटवून ठेवला. उन्हाळा सरल्यावर काळा कागद काढला, तेव्हा शाईतल्या काही गुलाबी आणि जांभळ्या छटा उघड्या बाजूला स्पष्ट फिकटल्या होत्या. तपकिरी आणि निळ्या जवळजवळ तशाच होत्या. जलरंगातले क्रिमसनही उतरले होते, सिएनाला काही झाले नव्हते.

त्यावर मग जागांची अदलाबदल झाली. भांडी बाजार आतल्या बोळकांडीत गेला, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर जलरंगातले नारोशंकर आले. त्यासाठी अतिनील किरण अडवणारी काच घालायला मी सांगितले, ती महाग आहे म्हणून थोडी कुरकुर झाली, पण घातली. जागा कोणतीही असो, यापुढे सगळी चित्रे वरच्या मजल्यावरच राहतील, हे मात्र सूनबाईंनी कोणाला न विचारता ठरवून टाकले.