तार तुटली नव्हती, फाटक लागलं होतं

बहिणीला गिटारचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि पाच मिनिटांत तिचा फोन. "दादा, शेवटी तार तुटली का रे?"

तार तुटली नव्हती. शेवटचा ई मायनर कॉर्ड मी मुद्दाम लांबवला होता. तो विरत जाणार आणि विरता विरता तिनं त्यावर शेवटची ओळ म्हणायची, असं आमचं ठरलं होतं. प्रत्यक्षात ऐकू येत होतं ते असं: कॉर्ड वाजतो, तीनेक सेकंद छान टिकतो, मग अडखळतो, तट्-तट्-तट् करतो आणि कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा गप्प होतो. ओळ म्हणायला जागाच नाही.

ही करामत नॉइज गेटची, म्हणजे वाजवणं थांबलं की गोंगाट बंद करणाऱ्या पेडलची. खरं तर त्याचा थ्रेशोल्ड करकचून पिळून ठेवणाऱ्या माझी.

ते पेडल मी वैतागून घेतलं होतं. माझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल पिकअप आहेत, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारी एकेरी वेटोळी. क्लीन आवाजात ती अगदी गुणाची. पण डिस्टॉर्शनवर, म्हणजे आवाज वाढवून फाडणाऱ्या पेडलवर, पाय पडला की मी तारेला हात लावायच्या आधीच ॲम्प बोलायला लागतो. खाली घूंऽऽ, त्यावर खर्रर्र, आणि सगळ्यात वर फाटक्या नळीतून हवा निसटावी तशी सूंऽऽ. वाजवत असताना हे सगळं झाकलं जातं. थांबलं की उघडं पडतं. आणि मला वाजवण्याइतकंच थांबायला आवडतं, त्यामुळे या आवाजाशी माझं कधीच जमलं नाही.

पेडल आलं त्या संध्याकाळी मी थ्रेशोल्डची खुंटी जवळजवळ शेवटपर्यंत फिरवली. तारेवरून हात उचलला आणि काय ती शांतता! ॲम्प बंद पडला की काय म्हणून मी त्याचा लाल दिवा बघून आलो. पाम म्यूट करून, म्हणजे तळहातानं तारा दाबून, तुटक रिफ (छोट्या सुरावटी) वाजवले तर प्रत्येक ठोका सुरीनं कापल्यासारखा. पुढचा आठवडाभर मी तसलेच रिफ वाजवत बसलो. माझं वाजवणं सुधारलं म्हणून नव्हे, त्या पेडलबरोबर तेवढंच चांगलं वाजत होतं म्हणून. हे लक्षात यायला बहिणीचा फोन यावा लागला.

झालं होतं ते साधं आहे. गेट आवाज गाळत नाही. ती चाळणी नव्हे, फाटक आहे. आत येणारा सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असला की फाटक उघडं, खाली गेला की बंद. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. तुम्ही वाजवत असताना फाटक उघडं असतं, म्हणजे घरघरही सुरांबरोबर निवांत बाहेर पडत असते. सूर मोठा म्हणून ती जाणवत नाही, एवढंच. गेट फक्त तुमच्या गप्प बसण्याची राखण करतो.

लांबवलेला कॉर्ड मात्र एकदम थांबत नाही, तो उतरत जातो. उतरता उतरता थ्रेशोल्डपाशी आला की फाटकाची पंचाईत होते. कॉर्डमधले सूर एकमेकांवर घासत असतात, त्यामुळे आवाजाची पातळी सरळ रेषेत न उतरता हेलकावे खात उतरते. हेलकावा वर गेला की फाटक उघडतं, खाली आला की लागतं. तट्-तट्-तट् ते हेच. बऱ्याच गेटमध्ये यासाठी उघडायची पातळी थोडी वर आणि बंद व्हायची थोडी खाली ठेवलेली असते. त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. पण मी थ्रेशोल्ड इतका वर नेऊन ठेवला होता की ती सोय असून नसल्यासारखी झाली.

मग मी पेडल काढून ठेवलं आणि नुसता तो गोंगाट ऐकत बसलो. हे आधी करायला हवं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला माझा कारभार चालला होता.

गिटार गळ्यात अडकवून, डिस्टॉर्शन चालू ठेवून, मी फिरत्या खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरलो. एका दिशेला घूंऽऽ सगळ्यात मोठं. तिथून साधारण काटकोनात वळलो तर ते एवढं खाली गेलं की मी चकित झालो. आणखी फिरलो, पुन्हा वाढलं. खोलीतल्या ट्रान्सफॉर्मरांचं आणि तारांचं चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या वेटोळ्यात कोणत्या कोनातून शिरतं, त्यावर हे अवलंबून असतं. माझ्या बाबतीत गुन्हेगार होता टेबलाखालचा एक जाडजूड अडॅप्टर. तो हातभर लांब सरकवला आणि मी जरा तिरका बसलो, एवढ्यानं निम्मं भांडण मिटलं.

त्या दिवशी आणखी एक गंमत सापडली. सहाव्या तारेवर तिसऱ्या घरातला जी वाजवला की आवाज सेकंदाला दोनदा हलकासा हेलकावत होता. तो जी 98 हर्ट्झचा. वीज 50 हर्ट्झची असली की तिच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झचा आवाजही त्या घरघरीत असतो. 98 आणि 100 शेजारी उभे राहिले की सेकंदाला दोन हेलकावे येणारच. वीज 60 हर्ट्झची असेल तिथं हा आवाज 120 ला पडतो, ए शार्प आणि बी यांच्या मधोमध. म्हणजे इतके दिवस माझ्याबरोबर एक जण सतत किंचित चढा जी धरून बसला होता आणि मी मात्र ट्यूनरवर संशय घेत होतो.

खर्रर्रचा प्रकार वेगळा. तारांना हात लावला की ते कमी व्हायचं, सोडला की वाढायचं. हे बघून पूर्वी मी घाबरायचो, पण हे चांगलं लक्षण आहे. तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या जिथं अडकवलेल्या असतात त्या धातूच्या भागातून, अर्थला जोडलेल्या असतात. आपलं शरीर अँटेनासारखं आसपासची विजेची खरखर गोळा करून पिकअपजवळ आणतं. तारेला हात लागला की ती अर्थला जाते. उलट हात लावल्यावर आवाज वाढला तर जोडणीत खोट आहे, ती जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. (आणि हो, घरघर घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन तोडा, असा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुढे कुठलाच सल्ला घेऊ नका. घरघर जाईल, पण एक दिवस तुम्हीही जाल.) खर्रर्रवर इलाज म्हणून पिकअपच्या खोबणीत आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडता येते. मी लावली. खर्रर्र बरंच उतरलं, घूंऽऽ जसंच्या तसं. एवढा पातळ पत्रा चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही.

घूंऽऽ मुळातूनच नको असेल तर पिकअप बदलावे लागतात. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हरनं हमबकर नावाच्या पिकअपच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला होता: दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली, आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकांना मारते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. माझ्याही गिटारमध्ये मधला पिकअप तसा उलटा आहे, म्हणून स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला की दोन पिकअप मिळून घरघर खातात. हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. वापरत नव्हतो, कारण मला मानेकडचा पिकअप एकटाच आवडतो. हट्ट म्हणा.

एक बारीक शिट्टीही होती. एकाच अडॅप्टरवरून माळ करून सगळ्या पेडलना वीज दिली होती, आणि डिजिटल डिलेचा (पडसाद देणाऱ्या पेडलचा) किणकिणाट त्या माळेतून डिस्टॉर्शनमध्ये शिरत होता. डिलेला वेगळा अडॅप्टर दिला, शिट्टी गेली. यावर बोलण्यासारखं एवढंच.

राहिली ती सूंऽऽ. ती गेनची, म्हणजे आवाज किती पट वाढवला त्याची, सावली आहे. वीजजोडणी कितीही चांगली असली तरी रोधक आणि ट्रान्झिस्टर स्वतःची अगदी बारीक सळसळ करतातच, आणि डिस्टॉर्शन तिलाही तितक्याच इमानानं वाढवतं. 60 डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेजमध्ये हजार पट. ही सळसळ अडॅप्टर सरकवून जात नाही. गेटचं खरं काम इथं आहे, आणि खोली साफ केल्यावर त्याच्यासाठी एवढंच काम उरलं होतं.

आता तो बसवायचा कुठे? माझं पेडल गिटारनंतर लगेच, डिस्टॉर्शनच्या आधी होतं. म्हणजे ज्या सळसळीसाठी आणलं, ती फाटकाच्या पलीकडे जन्माला येत होती. डिस्टॉर्शननंतर लावलं तर सळसळ अडते, पण दुसरी अडचण येते. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर काढतं, त्यामुळे सूर आणि गोंगाट यांच्यातलं अंतर कमी होतं. पहारेकऱ्याला सगळे चेहरे सारखेच दिसायला लागतात. मोठे-बारीक आवाज एका पातळीला आणणारा कॉम्प्रेसर गेटच्या आधी असला की हेच जास्त होतं.

यावर तोडगा म्हणजे चार जॅकवाला गेट. 1987 मध्ये आलेलं बॉस कंपनीचं एनएस-2 हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. इनपुट आणि आउटपुटखेरीज त्यात सेंड आणि रिटर्न असतात. गिटार इनपुटला, सेंडमधून निघून डिस्टॉर्शन, आणि तिथून परत रिटर्नला. पहारेकरी कान लावतो तो इनपुटच्या क्लीन गिटारला, जिथं सूर कुठला आणि गोंगाट कुठला हे स्वच्छ कळतं, पण फाटक उघडतो-लावतो ते डिस्टॉर्शन होऊन आलेल्या आवाजावर. माझं पेडलही चार जॅकचंच होतं. मधले दोन जॅक कशासाठी आहेत हे मी पाहिलंच नव्हतं. माहितीपत्रक खोक्यात घडीसुद्धा न मोडता पडलेलं सापडलं.

डिले आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारं पेडल) आउटपुटच्या पुढे. ते फाटकाच्या आत अडकले तर त्यांची शेपटी दारात चिरडते.

थ्रेशोल्ड लावायची माझी पद्धत आता अशी आहे. गाण्यात जेवढा गेन लागणार तेवढा चालू ठेवायचा, खुंटी शून्यावर, तारांना हात न लावता बसायचं आणि गोंगाट मिटेपर्यंतच खुंटी फिरवायची. तिथं थांबायचं. मग गाण्यातला सगळ्यात हळू सूर वाजवायचा. सगळ्यात जोरातला नव्हे. जोरातला सूर कुठल्याही फाटकातून जातो. हळू सुराचं शेपूट कापलं गेलं तर खुंटी केसभर मागे. गिटारचा व्हॉल्यूम मध्येच 10 वरून 6 वर आणायची सवय असेल तर 6 वरच तपासा, नाहीतर नेमकं नाजूक वाजवताना फाटक तोंडावर लागतं. डिके, म्हणजे फाटक किती सावकाश लागावं ते, संथ गाण्याला लांब आणि तुटक रिफला आखूड. लांब ठेवलं की सूर संपताना थोडी सळसळ ऐकू येते. येऊ दे. हळूहळू मिटणारी सळसळ कानाला कळत नाही, एकदम तुटलेली कळते.

काल ते गाणं पुन्हा घेतलं. थ्रेशोल्ड पूर्वीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर, डिके लांब, अडॅप्टर दूर, आणि मी त्या शांत कोनात, कपाटाकडे तोंड करून. शेवटचा ई मायनर वाजवला आणि श्वास रोखून बसलो. पाच सेकंद, सात सेकंद, तट्-तट् नाही. नवव्या-दहाव्या सेकंदाला कुठेतरी तो सळसळीत मिसळला आणि सळसळही निघून गेली. मी खूश होऊन जरासा मागे रेललो.

रात्री बहिणीचा फोन. "आता झकास आहे रे, माझी ओळ बसते. पण अगदी शेवटी दार करकरतंय का कुठलं?"

दार नव्हतं, खुर्ची होती. ॲम्पसमोरच्या माइकनं तीही टिपली, आणि तिथं कुठलाच गेट नाही. खुर्चीला तेल घातलंय. उद्या परत घेणार आहे.