माझ्याच फाइलची नक्कल

मी वकील, आणि तक्रार माझ्याविरुद्ध माझ्याच एका जुन्या पक्षकार बाईंची होती. वाटपाच्या दाव्यात तडजोड झाली, पुरसिस (पक्षकारांच्या सहीचं लेखी निवेदन) दाखल झाली, हुकूमनामाही झाला. पुढे त्यांनी बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, लिहून दिलं की पुरसिसवरची सही आपली नाही, वकीलबाईंनी परस्पर तडजोड उरकली. राज्याचं आणि कौन्सिलचं नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली नोटीस आली, मी कैफियत (लेखी म्हणणं) दिली, बाईंचा उलटतपास घेतला. तीन जणांच्या शिस्तपालन समितीने सगळं ऐकून घेतलं आणि माझी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तीन महिन्यांसाठी निलंबित केली.

शिक्षेपेक्षा मला छळलं ते आदेशातल्या मधल्याच एका वाक्यानं. न्यायालयाच्या कार्यालयाकडून मागवलेला अहवाल पाहता तक्रारीत तथ्य दिसते, असं त्यात होतं. कुठला अहवाल? तो मागवल्याचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, दाखवणं तर लांबच. आता, अहवाल मागवण्यात गैर काही नाही. कलम ४२ नं समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत. कुठल्याही कोर्टाचं, कचेरीचं रेकॉर्ड ती मागवू शकते. पण मागवलेला कागद ज्याच्या विरुद्ध वापरायचा त्याच्यापुढे ठेवावा लागतो. खालच्या कोर्टात वर्षभर उभा राहिलेला ज्युनिअरही हे सांगेल.

कलम ३७ नुसार बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपिलाला मुदत आदेश कळवल्यापासून ६० दिवस. बार रूममध्ये जो भेटेल त्याचा एकच सल्ला: माहिती अधिकार टाका. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब करून पाहा. उत्तराला ३० दिवस. नकार आला तर पहिलं अपील, त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस. पुढे माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि तिथे तुमचा नंबर कधी लागेल ते आयोगच जाणे. म्हणजे माहिती येईपर्यंत शिक्षा भोगून झालेली असते.

माझ्या सीनिअर सरांनी तर मला उडवूनच लावलं. म्हणाले, "अगं, माहिती कसली मागतेस? तू काय त्रयस्थ आहेस? पक्षकार आहेस. नक्कल माग." नक्कल म्हणजे प्रकरणातल्या कागदांची प्रमाणित प्रत. सर्वोच्च न्यायालयानंही २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात साधारण हीच दिशा धरली आहे: न्यायिक रेकॉर्डच्या प्रमाणित प्रतींसाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम असतील तर त्याच वाटेनं जा, माहिती अधिकाराच्या वाटेनं नको. तो निकाल न्यायालयांपुरता आहे हे खरं, पण बार कौन्सिलच्या नियमांतही पक्षकारानं किंवा त्याच्या वकिलानं अर्ज करून, फी भरून शिस्तभंगाच्या प्रकरणातल्या कागदांच्या प्रती घेण्याची सोय आहे. अंतिम आदेशाची प्रत तर फुकट मिळते. हे नियम आम्ही वकील कधी उघडून बघत नाही. दुसऱ्याच्या पोटापाण्याचे कायदे तोंडपाठ असतात.

अर्ज लिहायला एक अख्खी संध्याकाळ घातली. ‘संपूर्ण फाइल द्यावी’ असं लिहिलं की नकार एका ओळीत येतो, हे खातेनिहाय चौकशीची कामं चालवताना पाहिलेलं होतं. के. व्ही. पेरुमल यांच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मागणाऱ्यालाच कागदाचा संबंध दाखवावा लागतो. म्हणून कागद एकेक करून मागितला आणि प्रत्येकापुढे तो का हवा ते दोन ओळींत लिहिलं. सगळ्या तारखांचा रोजनामा, म्हणजे त्या त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, मागितला. तक्रार समितीकडे सोपवण्याचा कौन्सिलचा ठराव मागितला, कारण कलम ३५ मध्ये कौन्सिलला आधी ‘विश्वास ठेवण्यास कारण’ असावं लागतं आणि त्यासाठी डोकं लावलेलं दिसावं लागतं. नंदलाल खोडीदास बारोट यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलेलं आहे. अहवाल मागवल्याचं पत्र जावक क्रमांकासह आणि आलेला अहवाल आवक शिक्क्यासह मागितला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

रोजनामा, ठराव आणि जावक पत्र मिळालं. अहवाल नाही. शेरा होता: ‘अंतर्गत पत्रव्यवहार.’

पण रोजनाम्यानंच अर्धं काम केलं. युक्तिवाद संपल्याच्या तारखेला नोंद होती, ‘उभयपक्षांचे म्हणणे ऐकले. आदेशासाठी राखीव.’ त्याखाली, पुढच्या महिन्यातल्या एका तारखेला, वेगळ्या हस्ताक्षरात: ‘अहवाल प्राप्त. सामील केला.’ त्या तारखेपुढे हजेरीचा रकाना दोन्ही बाजूंचा कोरा. म्हणजे कागद आला तोच सुनावणी संपल्यावर. ही एक ओळ माझ्या अपिलाचा पहिला मुद्दा झाली.

इथे कलम ४० चं एक पोटकलम फारसं कुणाला आठवत नाही म्हणून सांगते. अपील केल्यानं आदेश आपोआप थांबत नाही. मात्र अपिलाची मुदत संपायच्या आत स्थगितीचा अर्ज केला, तर आदेश देणारी समितीसुद्धा पुरेसं कारण दिसल्यास अंमलबजावणी थांबवू शकते. मी तो अर्ज केला आणि त्यासोबत अहवालाची मागणी पुन्हा जोडली, या वेळी टी. टाकानो विरुद्ध सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल लावून. त्यात सेबीचं म्हणणं हेच होतं की तपास अहवाल हा आमचा आतला कागद आहे. न्यायालयानं ते मानलं नाही. निर्णयाशी संबंधित असलेला कागद नोटीस दिलेल्या माणसाला दाखवायला हवा. त्यात त्रयस्थांची माहिती असेल तर तेवढी झाकता येईल, पण ‘आतला आहे’ एवढ्यावर अख्खा कागद दडवता येणार नाही.

समितीनं अपील दाखल होईपर्यंत स्थगिती दिली. अहवालाचं मात्र अपिलात बघा म्हणाली. ठीक. अपील मुदतीत दाखल केलं. विलंब माफीच्या अर्जावर भिस्त ठेवणं मला पक्षकारांच्या बाबतीतही आवडत नाही. अहवाल मिळाल्यावर मुद्दे वाढवण्याची मुभा अपिलाच्या मेमोतच राखून ठेवली आणि रेकॉर्ड मागवण्याचा वेगळा अर्ज दिला.

माहिती अधिकाराचा अर्जही केला होता, पण त्याच्या कुवतीपुरता. तक्रार नेमकी कुठल्या दिवशी आवक झाली त्या नोंदवहीच्या पानाची प्रत त्यात मागितली. कलम ३६ब नुसार राज्य कौन्सिलनं तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाल द्यायचा असतो, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. तो हिशेब आवक शिक्क्यावर चालतो. नोंदवही काही प्रकरणाच्या फाइलमध्ये नसते, त्यामुळे ती नकलेच्या अर्जात बसत नव्हती. पान मिळालं, इतर तक्रारदारांची नावं काळ्या पट्टीनं झाकून. ती झाकायलाच हवी होती.

रेकॉर्ड दिल्लीला पोचल्यावर राऊज अव्हेन्यूच्या कार्यालयात फाइल पाहायला मिळाली. अहवाल जेमतेम एक पानाचा. पहिल्या परिच्छेदात होतं की पुरसिसवरची आणि वकीलपत्रावरची सही पाहताना वेगळी वाटते. दुसऱ्यात होतं की पुरसिसवर न्यायाधीशांचा पडताळणीचा शेरा आहे, पक्षकार समक्ष हजर असून मजकूर मान्य असल्याचं त्यात नमूद आहे. आदेशात पहिला परिच्छेद आला होता. दुसरा नव्हता.

अहवाल दाखवला नाही एवढ्यानं आदेश आपोआप रद्द होत नाही. करुणाकर या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं चौकशी अहवालाची प्रत देणं आवश्यक ठरवलं, पण प्रत न दिल्यानं नेमकं काय नुकसान झालं तेही तपासायला सांगितलं. प्रत दिली नसेल तर आधी ती द्यावी आणि मग माणसाला त्याचं नुकसान दाखवू द्यावं, असा तो क्रम आहे. त्यामुळे अहवाल हाती येणं हा माझ्यासाठी निव्वळ तत्त्वाचा प्रश्न नव्हता. दुसरा परिच्छेद सुनावणीत माझ्याजवळ असता, तर उलटतपासात बाईंना पहिला प्रश्न त्या शेऱ्यावरच विचारला असता. वाढीव मुद्द्यात मी नेमकं तेच लिहिलं, प्रश्नासकट.

स्थगिती अपिलातही कायम आहे. अपील बोर्डावर (त्या दिवशीच्या कामांच्या यादीत) येतं, पुढे ढकललं जातं. मागच्या तारखेला बाईंच्या वकिलांनीही अहवालाची प्रत मागितली. ती त्यांनाही मिळालेली नव्हती.