फुक्स, फ्युशा आणि राणी कलर

साड्यांच्या जाहिरातींत हल्ली ज्याला ‘फ्युशा’ म्हणतात, त्या रंगाला आमच्या घरी आजही ‘राणी कलर’ असेच नाव आहे. या नव्या शब्दाच्या मुळाशी मात्र कोणी राणी नाही, एक जर्मन वैद्य आहे, आणि त्याच्या आडनावाचा अर्थ आहे कोल्हा.

लिओनहार्ट फुक्स (१५०१–१५६६) हा ट्यूबिंगेन विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक होता, आणि १५४२ साली बाझेल येथे छापलेल्या त्याच्या वनस्पतिग्रंथातील पाचशेहून अधिक चित्रांमुळे त्याचे नाव युरोपभर झाले. ‘फुक्स’ हे आडनाव मुळात तांबड्या केसांच्या किंवा धूर्त माणसाला चारचौघांनी ठेवलेले टोपणनाव असावे. इंग्रजी ‘फॉक्स’ हा त्याचा सख्खा भाऊ; या दोघांचे मूळ ‘शेपूट’ अशा अर्थाच्या प्राचीन शब्दात शोधून आपल्या ‘पुच्छा’शी त्यांचे नाते लावणारे भाषाशास्त्रज्ञही आहेत. (आपल्या कोल्हे मंडळींना हे वाचून बरे वाटेल.)

फ्युशा हे मुळात एका फुलझाडाचे नाव, फुक्सवरून ठेवलेले. गंमत अशी की फुक्सने हे झाड कधी पाहिलेच नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मबंधूला ते कॅरिबियनमध्ये आढळले आणि १७०३ च्या ग्रंथात त्याने ते फुक्सच्या नावाने नोंदवले. इंग्रजांच्या तोंडी त्यातला ‘क्स’ विरघळून ‘श’ उरला, त्यामुळे या शब्दाचे स्पेलिंग खुद्द इंग्रजांचेही हमखास चुकते.

पुढे १८५९ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात व्हेर्गें या रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅनिलिन या रसायनापासून केलेला किरमिजी रंग रनार बंधूंनी ‘फुक्सीन’ नावाने बाजारात आणला. हे नाव फुलावरून पडले असे सांगतात. पण फ्रेंचमध्ये ‘रनार’ म्हणजेही कोल्हाच, तेव्हा मालकांनी आपलेच आडनाव जर्मनमध्ये फिरवून मालावर चिकटवले असावे, असेही म्हणतात, आणि व्यापाऱ्याच्या स्वभावाला धरून असल्याने मला तेच अधिक पटते. त्याच वर्षी जूनमध्ये इटलीतील मॅजेंटा गावाजवळ लढाई झाली आणि या रंगाला ‘मॅजेंटा’ हे दुसरे नाव मिळाले. आपले छापखानेवाले तेच वापरतात.

फुक्सीन हे नाव मात्र प्रयोगशाळेत टिकले. क्षयाच्या संशयावरून थुंकी तपासताना झील-नील्सेन पद्धतीत काचपट्टीवर कार्बल फुक्सीन ओततात, ती तापवतात, आम्लाने धुतात आणि मग निळा रंग देतात. त्या निळाईत जे बारीक लाल दांडके उरतात, ते क्षयाचे जंतू.