एकच कॅसेट दोन व्हीसीआरवर वेगळी का दिसते

नातेवाइकांकडे कपाटात पडून असलेल्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचे काम मी हौसेने करतो. या कामात वारंवार असे आढळते, की एका व्हीसीआरवर जिच्यात मुंग्यांखेरीज काही दिसत नाही, तीच कॅसेट दुसऱ्या यंत्रावर बऱ्यापैकी स्वच्छ चालते. त्यामुळे चित्र बिघडलेले दिसताच कॅसेट खराब झाली, असा निकाल देणे मला घाईचे वाटते.

या फितीवर चित्र तिरप्या पट्ट्यांत नोंदलेले असते. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही पद्धतीत हेडचा, म्हणजे चित्र नोंदणाऱ्या व वाचणाऱ्या दोन चुंबकी टोकांचा, ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो, प्रत्येक अर्ध्या फेरीत एक पट्टी उमटते आणि नेहमीच्या वेगाच्या नोंदणीत तिची रुंदी सुमारे ४९ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी असते. चित्र पाहताना हेड नेमके त्याच पट्टीवरून जावे, यासाठी फितीच्या खालच्या कडेला नियंत्रणाचे स्पंद नोंदलेले असतात. मात्र ते वाचणारे हेड ड्रमपासून किती अंतरावर आहे, यात यंत्रायंत्रांत किंचित फरक पडतो, आणि ट्रॅकिंगचे बटण हाच फरक भरून काढते. स्वयंचलित ट्रॅकिंग असलेली यंत्रे सर्वांत जोरकस संकेत शोधतात खरी, पण क्षीण झालेल्या कॅसेटवर ती चाचपडत राहतात, तेव्हा ट्रॅकिंग हातानेच लावलेले बरे.

ट्रॅकिंग बदलल्यावर मुंग्यांचा पट्टा वरखाली सरकून नाहीसा झाला, तर प्रश्न तिथेच मिटतो. पट्टा पडद्याच्या अगदी वर किंवा अगदी खाली ठाण मांडून बसला, तर ड्रमच्या दोन्ही बाजूंना फीत वळवणाऱ्या गाइड रोलरची उंची नोंदणी करणाऱ्या यंत्राशी जुळत नसावी, असा संशय घ्यावा. हे रोलर फिरवून बसवता येतात, पण एका बिघडलेल्या यंत्रावरच्या नोंदणीसाठी स्वतःचे चांगले यंत्र बिघडवणे मला पटत नाही. आधी दुसरा व्हीसीआर लावून पाहावा. नोंदणी ज्यावर झाली तोच मिळाला तर उत्तम.

चित्राचा वरचा भाग वाकडा होणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. नवरानवरीच्या मुंडावळ्या कोणी एका बाजूला ओढाव्यात तशा दिसतात आणि खालचे चित्र सरळ असते. इथे दोष फितीच्या ताणात असतो: नोंदणीच्या वेळचा ताण आणि आताचा ताण वेगळा असला, किंवा फीतच कालांतराने ताणली वा आकसली असली, तर एका हेडकडून दुसऱ्याकडे संकेत जाताना वेळेत उडी पडते. ही अदलाबदल चित्राच्या तळाशी होते, पण टीव्ही सावरेपर्यंत पुढच्या चित्राच्या वरच्या ओळी सरकलेल्या असतात. म्हणूनच काही जुन्या टीव्हींमध्ये व्हीसीआरसाठी लवकर सावरणारा खास चॅनल असे. ट्रॅकिंगने हा वाकडेपणा जात नाही. फीत एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे गुंडाळावी, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. तरीही फरक पडला नाही तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींच्या वेळेतली चूक सुधारणारी सोय, असलेले यंत्र वापरावे. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) व्हीसीआरमध्ये तो आतच असतो, आणि काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून संकेत नेल्यानेही ओळी बऱ्याच सरळ होतात.

वाकडेपणा प्रत्येक यंत्रावर अगदी सारखाच दिसत असेल, तर तो बहुधा नोंदणीतच आहे. लग्नाच्या कॅसेट बहुतेक प्रती असतात, आणि प्रत काढताना मूळ कॅसेट वाकडी चालली असेल तर ते वाकडेपण प्रतीत कायमचे उतरते. अशा वेळी घरोघरी विचारून मूळ कॅसेट शोधणे हाच उपाय उरतो. अमेरिकेहून आलेली, तिथल्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीची कॅसेट फक्त पॅल चालवणाऱ्या यंत्रावर कधीच नीट दिसणार नाही. तिच्यासाठी दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर लागतो.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय लावू नये, कारण बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवल्यापासून नवे व्हीसीआर बनत नाहीत, तेव्हा दुसरे यंत्र म्हणजे वापरलेलेच घ्यावे लागते. ते पाहायला जाताना सोबत दोन कॅसेट न्याव्यात: एक नीट चालणारी आणि एक त्रास देणारी. पैसे द्यायच्या आधी दोन्ही तिथेच लावून पाहाव्यात. आधी अर्थातच नीट चालणारी.