४०० वॉटपासून उलटं मोजत: आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात हौशी रेडिओचे ट्यूबवाले, म्हणजे निर्वात नळ्यांवर (व्हॅक्यूम ट्यूब) चालणारे आणि सिग्नलची ताकद वाढवणारे पॉवर अॅम्प्लिफायर बनतात आणि दुरुस्त होतात. सुरुवातीला नवीन बनवण्याचं काम जास्त होतं, आता दुरुस्तीचं जास्त आहे. मधल्या काळात आमची डिझाइनं तीनदा बदलली. प्रत्येक बदलाला कारण होतं, आणि आमची वाटचाल म्हणजे खरं तर ती कारणंच.

आपल्याकडे जनरल ग्रेडच्या परवान्याला ४०० वॉटची मर्यादा आहे. अमेरिकेत ती १५०० वॉट. छापून आलेली बहुतेक सर्किटं तिकडच्या मर्यादेची असतात. ती जशीच्या तशी उतरवायची आणि "ड्राइव्ह (आत जाणारी पॉवर) कमी ठेवू, ४०० वॉटच काढू" म्हणायचं, ही इथली सर्रास पद्धत. आमच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या घरगुती अॅम्प्लिफायरांचं दुखणं तिथेच सुरू होतं.

आमचं पहिलं मॉडेल साधं होतं: दोन ८११ए ट्यूब, ग्राउंडेड ग्रिड (ट्यूबमधली जाळी जमिनीला जोडलेली), प्लेटला (ट्यूबच्या उच्च व्होल्टेजच्या भागाला) १५०० व्होल्ट, ३५० मिलिअँपिअर. इनपुट ५२५ वॉट, आउटपुट साधारण ३३० वॉट, म्हणजे १९५ वॉट प्लेटवर उष्णता. दोन ट्यूबांची क्षमता मात्र ६५ अधिक ६५, म्हणजे १३० वॉट. एसएसबी या आवाज पाठवायच्या पद्धतीवर बोलताना सरासरी पॉवर बरीच खाली असते, त्यामुळे हे खपून जायचं. २०१७ मध्ये एफटी८ ही संगणकाने संदेश पाठवायची डिजिटल पद्धत आली आणि हे खपेनासं झालं. त्यात १५ सेकंदांच्या खिडकीत साडेबारा सेकंद पूर्ण की-डाउन, म्हणजे सलग पूर्ण पॉवर असते. कागदावर अर्धा वेळ विश्रांती धरली की सरासरी १०० वॉटच्या आसपास येते, म्हणून ग्राहकाला वाटतं बसलं. पण ८११एची प्लेट पातळ असते, ती काही सेकंदांतच पुरती तापते. तिच्या लेखी साडेबारा सेकंद म्हणजे कायमचंच. ८११एची प्लेट लाल दिसली की पॉवर अर्ध्यावर आणा, दुसरा उपाय नाही.

म्हणून दुसरं मॉडेल ३-५००झेडवर केलं. एकच ट्यूब, प्लेट डिसिपेशन (प्लेट सहन करते ती उष्णता) ५०० वॉट. या वेळी मोजायला सुरुवात आउटपुटपासून केली. ४०० वॉट हवेत, कार्यक्षमता ६० टक्के धरली, म्हणजे इनपुट ६६० वॉट. प्लेटला २००० व्होल्ट दिले तर प्रवाह ३३० मिलिअँपिअर आणि उष्णता २६० वॉटच्या आसपास. पाचशेच्या ट्यूबवर एवढी उष्णता म्हणजे एफटी८ रात्रभर चालवा.

प्लेट लोड, म्हणजे प्लेटला दिसायला हवा तो रोध, काढायचं साधं सूत्र: प्लेट व्होल्टेज भागिले (१.५७ गुणिले प्लेट प्रवाह). इथे ते ३८६० ओहम येतं. क्यू (सर्किटची तीव्रता) १२ धरून पाय नेटवर्क, म्हणजे हा लोड अँटेनाशी जुळवणारी दोन कपॅसिटर आणि एका कॉइलची जोडणी, मांडलं की ७.१ मेगाहर्ट्झला ट्यून कपॅसिटर ७० पिकोफॅरड, कॉइल ७.७ मायक्रोहेन्री, लोड कपॅसिटर ४२० पिकोफॅरड. २८.५ मेगाहर्ट्झला ट्यूनसाठी जेमतेम १७ पिकोफॅरड उरतात, त्यात ट्यूबची स्वतःची आउटपुट कपॅसिटी, वायरिंग आणि कपॅसिटरची किमान कपॅसिटी बसवायची. बसते, पण क्यू थोडा चढतो आणि १० मीटरची कॉइल गरम होते. म्हणून तेवढी एक कॉइल आम्ही ५ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीची करतो.

आता तेच ३००० व्होल्टच्या परदेशी डिझाइनमध्ये करून बघा. ६६० वॉट इनपुटला प्रवाह २२० मिलिअँपिअर, प्लेट लोड ८७०० ओहमच्या घरात. २८.५ मेगाहर्ट्झला हवेत ८ पिकोफॅरडपेक्षाही कमी, आणि एवढी कपॅसिटी तर नुसत्या वायरिंगमध्ये असते. कॉइलचे टॅप मूळ सर्किटप्रमाणे २४०० ओहमसाठी ठेवले, तर प्लेटवरचा स्विंग (व्होल्टेजचा चढउतार) अपुरा राहतो आणि कार्यक्षमता कोसळते. ४०० वॉट निघतात, पण त्यापेक्षा कितीतरी जास्त ट्यूबमध्येच जिरतात. मग फोन येतो, "ट्यूब डुप्लिकेट दिली का हो?"

ट्रान्सफॉर्मर आम्ही इस्टेटमधल्याच वाइंडरकडून गुंडाळून घेतो. सेकंडरी १५५० व्होल्ट, ब्रिज रेक्टिफायरनंतर लोडशिवाय २१९० व्होल्ट, लोडवर २०००. तार २४ गेजची, कारण कपॅसिटर फिल्टरमध्ये ३३० मिलिअँपिअर डीसीसाठी वाइंडिंगमधून प्रत्यक्ष ०.६ अँपिअर आरएमएस जातो. प्रत्येक थरामध्ये इन्सुलेशन कागद, वाइंडिंगची सुरुवात आणि शेवट बॉबिनच्या विरुद्ध बाजूंना, वर व्हार्निश. ही दोन टोकं शेजारी काढलेला ट्रान्सफॉर्मर पहिल्या पावसाळ्यातच ठिणगी टाकतो.

फिल्टरला ४७० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे सहा कपॅसिटर सिरीजमध्ये. एकूण ७८ मायक्रोफॅरड, प्रत्येकावर ३६५ व्होल्ट. रात्री उशिरा लाइन २३० वरून २५० व्होल्टपर्यंत चढली तरी प्रत्येकावर ३९७, म्हणजे मर्यादेत. पाच कपॅसिटरांत भागतं असं वाटतं, पण याच हिशोबाने तेव्हा प्रत्येकावर ४७६ व्होल्ट येतील. प्रत्येकावर १०० किलोओहम, ५ वॉटचा ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रोधक. ब्रिजच्या प्रत्येक भुजेत चार १एन५४०८ डायोड, एकाच बॅचचे. प्रायमरीत ४७ ओहम, ५० वॉटचा रोधक आणि दोन सेकंदांनी त्याला शॉर्ट करणारी रिले, नाहीतर रिकामे कपॅसिटर स्विच ऑन करताच एमसीबी पाडतात.

बी प्लसच्या, म्हणजे प्लेटला जाणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या तारेत २५ ओहमचा जाड वायरवाउंड रोधक हवाच. ट्यूबमध्ये एकदा आर्क पडला की या कपॅसिटरांतले १८७ ज्यूल एका क्षणात मोकळे होतात. रोधक असेल तर प्रवाह ८८ अँपिअरवर थांबतो, नसेल तर ग्रिड मीटर आणि त्याचा शंट (समांतर रोधक) दोन्ही जातात. बी मायनस (त्याच पुरवठ्याचं ऋण टोक) आणि चासीच्या मध्ये एक उलटसुलट डायोडची जोडी टाकली की मीटरही वाचतं. डायोड बिघडला तर शॉर्ट होतो आणि मीटर काहीच दाखवत नाही; तो पाच रुपयांचा भाग बदलायचा, मीटर नाही.

फिलामेंटकडे लोक सगळ्यात कमी बघतात. ३-५००झेडला ५ व्होल्ट, सुमारे १५ अँपिअर लागतात, आणि फरक पाव व्होल्टपेक्षा जास्त नको. २३० ला बरोबर ५ व्होल्ट लावून ठेवलेला ट्रान्सफॉर्मर २५० च्या लाइनवर ५.४३ देतो. थोरिएटेड टंगस्टन फिलामेंटचं आयुष्य अशाने झपाट्याने संपतं. म्हणून फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, आणि प्रायमरीला २२०, २३०, २४०, २५० चे टॅप. व्होल्टेज मोजायचं ते ट्रान्सफॉर्मरवर नाही, सॉकेटच्या पिनांवर, ट्रू आरएमएस मीटरने. मध्ये बायफिलर चोक (रेडिओ सिग्नल अडवणारी दुहेरी तारेची कॉइल) असतो, तो ०.१५ व्होल्ट सहज खातो. सॉकेटच्या पट्ट्या ढिल्या झाल्या आणि संपर्कात ०.०२ ओहम आला, तर ०.३ व्होल्ट गेले, शिवाय त्या एका पिनवर साडेचार वॉट उष्णता. त्याने पिनमधलं सोल्डर वितळून खाली गळतं. ट्यूब काढून बघितलीत आणि पिनच्या टोकाला थेंब दिसला तर समजा: ट्यूब ठीक आहे, सॉकेट बदलायचंय, पिन पुन्हा सोल्डर करायची आहे.

३-५००झेडची प्लेट मंद लाल दिसणं हा दोष नाही, हेही इथेच सांगून टाकतो. प्लेटवरचा झिर्कोनियमचा थर गरम झाल्यावरच ट्यूबमधला वायू शोषून घेतो. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली ट्यूब आणून थेट २००० व्होल्ट दिले की आतल्या आत आर्क होतो. आधी नुसतं फिलामेंट १२ तास, ब्लोअर चालू ठेवून. मग कमी व्होल्टेजवर प्लेटला हळूहळू रंग आणायचा. मग पूर्ण व्होल्टेज. ८११एवाले ग्राहक ३-५००झेडवर आले की लाल प्लेट बघून घाबरतात, आणि ३-५००झेडवाले ८११ए चालवताना बेफिकीर राहतात. दोघांनाही उलटं शिकवावं लागतं.

दुरुस्तीत आमचा पहिला नियम हाय व्होल्टेजचा. बंद करून पाच मिनिटं थांबायचं. ४७० मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहमचा टाइम कॉन्स्टंट ४७ सेकंद, म्हणजे पाच मिनिटांत उरतं ते नगण्य. पण ब्लीडर तुटलेला असू शकतो. मीटर शून्य दाखवतं म्हणून विश्वास ठेवू नका. मीटरच्या मल्टिप्लायर साखळीतला एक रोधक ओपन झाला तरी मीटर शून्यच दाखवतं. म्हणून आम्ही तिथे १ मेगओहमचे दहा अर्ध्या वॉटचे रोधक सिरीजमध्ये टाकतो, प्रत्येकावर २२० व्होल्टच येतात. तरीही शेवटी इन्सुलेटेड दांडीवरच्या १०० ओहमच्या रोधकातून कपॅसिटर जमिनीला टेकवायचे, मग थेट शॉर्ट क्लिप लावायची, आणि ती क्लिप काम संपेपर्यंत तिथेच.

यानंतर तीन जागा आम्ही न विचारता तपासतो. पहिली, पॅरासिटिक सप्रेसर, म्हणजे नको असलेली दोलनं दाबणारा भाग. तीन वेढ्यांच्या कॉइलमधला ४७ ओहमच्या कार्बन रोधकाचा रोध उष्णतेने वाढत जातो. तो ७० ओहमच्या पुढे गेलेला दिसला की रोधक बदलायचा, आणि त्या जागी वायरवाउंड चुकूनही नको, तो स्वतःच कॉइल असतो. दुसरी, प्लेट चोक, म्हणजे रेडिओ सिग्नल प्लेटच्या पुरवठ्यात जाऊ न देणारी कॉइल. जुन्या अॅम्प्लिफायरांचे चोक १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे बँड हौशींना मिळायच्या आधीचे. त्यांचा सिरीज रेझोनन्स नेमका १८ किंवा २४ वर पडला तर चोकचे काही वेढे जळून काळे होतात. चोक चासीवर बसवूनच, दोन्ही टोकं शॉर्ट करून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्राने बघायचं; बाहेर काढून मोजलेला आकडा आत लागू पडत नाही. तिसरी, सेफ्टी चोक. आउटपुटपासून चासीला १ ते २.५ मिलिहेन्रीचा आरएफ चोक. प्लेटचा ब्लॉकिंग (डीसी अडवणारा) कपॅसिटर शॉर्ट झाला तर हा चोक फ्यूज उडवतो. तो नसेल तर २००० व्होल्ट थेट गच्चीवरच्या अँटेनाच्या तारेवर. घरगुती अॅम्प्लिफायरांमध्ये तो अनेकदा नसतोच. पैसे कोणी देवो न देवो, आम्ही तो लावूनच परत पाठवतो.

पावसाळ्यात काम दुप्पट होतं. खाडीकडची दमट, खारी हवा आणि उन्हाळाभर ब्लोअरने आत ओढलेली धूळ यांचा लेप इन्सुलेटरांवर बसतो. त्यावरून आधी सूक्ष्म गळती, मग कार्बनची काळी रेघ, मग फटाका. बेकेलाइटच्या पट्टीवर अशी रेघ पडली की घासून उपयोग नाही, पट्टी बदला. आम्ही सरसकट टेफ्लॉन किंवा सिरॅमिक वापरतो. मे संपायच्या आत आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफसफाई, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा अर्धा तास नुसतं फिलामेंट चालू, एवढं केलं तरी पुरे. झुरळं आणि पाली ट्रान्सफॉर्मरच्या उबेला येतात. तीन मिलिमीटरची जाळी लावा, पण जाळी लावल्यावर हवा कमी झाली नाही ना ते तपासा. साधा पंखा मागून दाब आला की हवाच ढकलत नाही, म्हणून ब्लोअरच हवा.

ट्यूनिंगच्या चुका मात्र बारमाही. ३-५००झेडवर ग्रिड प्रवाह प्लेट प्रवाहाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा: ३३० ला १०० ते ११०. ग्रिड जास्त आणि प्लेट कमी दिसते म्हणजे लोडिंग कमी आहे. लोड कपॅसिटरची कपॅसिटी कमी करा, ट्यून पुन्हा डिपवर (प्लेट प्रवाह सर्वांत कमी होतो तिथे) आणा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त कॅरियर नको. आणि बँडस्विच कॅरियर चालू असताना फिरवायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बँडस्विचचे जळलेले वेफर (संपर्कांच्या चकत्या) येतच राहतात.

तिसरं मॉडेल जीयू-७४बी या रशियन सिरॅमिक टेट्रोडवर (चार इलेक्ट्रोडच्या ट्यूबवर) आहे. १२.६ व्होल्टचा हीटर, किमान अडीच मिनिटं वॉर्मअप, टायमरशिवाय देतच नाही. प्लेट व्होल्टेज नसताना स्क्रीनला (दुसऱ्या ग्रिडला) व्होल्टेज मिळालं तर स्क्रीन काही क्षणांत संपते, म्हणून स्क्रीनची रिले प्लेट व्होल्टेजनेच चालते. स्क्रीन प्रवाह उलटाही वाहतो, तेव्हा रेग्युलेटर शंट प्रकारचाच लागतो. आजकाल एलडीमॉसचे (ट्रान्झिस्टरचे) सेट हलके आणि वॉर्मअपशिवायचे मिळतात. नव्याने घेणाऱ्याला आम्ही तेही सुचवतो. पण ज्याची अँटेना दर पावसाळ्यात वाकडी होते, त्याने ट्यूबच घ्यावी; न जुळणारी अँटेना ट्यूब जास्त सहन करते.

दुरुस्तीला पाठवताना ट्यूब काढून वेगळ्या खोक्यात, प्लेटची टोपी वर आणि पिना खाली अशी उभी, फोममध्ये. ट्रान्सफॉर्मरही काढा. दहा किलोचा लोखंडी गोळा बोल्टसह चासी फाडून बाहेर आलेला आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलाय. सोबत चिठ्ठीत तीन आकडे लिहा: घरची लाइन, लोडशिवायचं प्लेट व्होल्टेज आणि पिनांवरचं फिलामेंट. शेवटचे दोन मीटरवर धड दिसत नसतील तर तेवढंच लिहा, ते मोजायला चालू अॅम्प्लिफायरचं झाकण उघडू नका.