एका डेटा फाइलीनं अडवलेला चॅटबॉट : माझा अनुभव

रिपॉझिटरीत (प्रोग्रामचा कोड ठेवतात त्या जागी) लायसन्सची फाइल टाकली की आपलं काम संपलं, असं समजणाऱ्या प्रोग्रामरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी एक चॅटबॉट डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या पॅकेज-संग्रहात (तिथूनच प्रोग्राम बसतात आणि अपडेट होतात) घालायला घेतला होता. तो लटकला प्रोग्रामपायी नाही, त्याच्यासोबत आलेल्या एका फाइलीपायी.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरांवर मीच डेबियन टाकून दिलंय. तिथल्या ग्रंथपाल मॅडमना असा बॉट हवा होता की वाचकानं मराठीत प्रश्न टाइप केला की यादीत बघून उत्तर यावं, तेही इंटरनेट नसताना. पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा, नीटनेटका बॉट सापडला. तो हातानं बसवून दिला असता तर दुपारचा चहा व्हायच्या आत काम झालं असतं. पण उद्या मी सांगलीत नसलो तर त्याचे अपडेट बघणार कोण? संग्रहात गेला की ती काळजी मिटते.

"डेबियनमध्ये चॅटबॉट कशाला?" असं माझ्याच मित्रांनी विचारलं. अरे, बॉट तिथं आधीपासून आहेत! आयआरसी या जुन्या चॅट-यंत्रणेवर चॅनेल सांभाळणारा एगड्रॉप आणि खुद्द डेबियन, दोघंही १९९३चे. लिम्नोरिया हा आणखी एक आयआरसी बॉटसुद्धा आहे. बॉट आहे म्हणून कुणी हटकत नाही. त्याच्या डोक्यात काय भरलंय आणि ते कुठून आणलंय, याची मात्र झडती होते, आणि माझ्या मते ती व्हायलाच पाहिजे.

आयटीपी, म्हणजे 'हे पॅकेज मी करतोय' असं जाहीर करणारा बग, रिपोर्टबग या बग नोंदवायच्या प्रोग्राममधून टाकला. पॅकेज बांधून झालं, पॅकेजातल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनच्या तक्रारी मिटवल्या. इथवर काही अडलं नाही.

मग आली कॉपीराइटची फाइल. पॅकेजमधली कोणती फाइल कुणाची आणि कोणत्या लायसन्सखाली, हे तिच्यात लिहावं लागतं. म्हणून एकेक फाइल उघडत गेलो, तर संवादांची एक भलीमोठी टेक्स्ट फाइल निघाली. बॉटनं गप्पा मारायला शिकावं म्हणून ठेवलेली. प्रत्येक ओळीत मध्येमध्ये तीन अधिक, एक डॉलर, पुन्हा तीन अधिक. ही खूण ज्यांनी बॉटशी खेळ केलाय ते लगेच ओळखतील: कॉर्नेल विद्यापीठातून २०११ साली आलेला सिनेमा-संवादांचा संग्रह, ६१७ चित्रपटांतला. संशोधनाला उत्तम. पण ते संवाद मुळात सिनेमावाल्यांचे. बॉटच्या लेखकानं वर एमआयटी या मोकळ्या लायसन्सचा शिक्का मारला म्हणून ते त्याचे होतात का?

त्याला मेल केली. उत्तर एका ओळीचं: सगळं एमआयटीच आहे. सगळं म्हणजे ही फाइलसुद्धा का, असं परत विचारलं. मग कळलं की 'ही फाइल सगळेच वापरतात'. त्यानंतर शुकशुकाट. दरम्यान त्याच रिपॉझिटरीत नवे रंग, नवा लोगो यांच्या कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) रोज पडताहेत. माझं डोकं तडकायचं. इकडे मॅडम दर शनिवारी विचारायच्या, "झालं का हो तुमचं ते पॅकेज?"

त्याच बॉटमध्ये आणखी एक खोड होती. पहिल्यांदा चालू केला की तो एक मोठं भाषा-मॉडेल परस्पर डाउनलोड करायचा. ७०० कोटी पॅरामीटरचं (शिकून साठवलेल्या आकड्यांचं) मॉडेल दाबून चार बिटांवर आणलं तरी चार जीबीच्या आसपास जातं, पण आकाराचं सोडा, अशा मॉडेलांच्या लायसन्सचं बघा. मेटाच्या लामा ३ या मॉडेलच्या लायसन्समध्ये अट आहे की महिन्याला ७० कोटींवर वापरकर्ते असलेल्या कंपनीनं वेगळी परवानगी घ्यावी. डेबियनच्या १९९७च्या मार्गदर्शक तत्त्वांत (डीएफएसजी) पाचवं कलम आहे: कुठल्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव नको. संपला विषय. अपाचे या मोकळ्या लायसन्सची मॉडेलंही आहेत, पण ज्या मजकुरावर ती शिकवली तो उघड नसेल तर त्यांचा सोर्स (ज्यातून ती घडली ते मूळ साहित्य) कुठला मानायचा? डेबियनच्या डीप लर्निंग टीमनं अशांना 'टॉक्सिक कँडी' म्हटलंय. आणि संग्रहाबाहेरच्या अशा वस्तूशिवाय जो प्रोग्राम चालत नाही त्याची जागा मेन या संग्रहाच्या मुख्य भागात नाही, कॉन्ट्रिब या बाजूच्या भागात.

शेवटी लेखकाची वाट बघणं सोडलं. कॉपीराइटच्या फाइलीत 'फाइल्स-एक्स्क्लूडेड' अशी ओळ घालता येते. तिच्यात नको त्या फाइलीचं नाव दिलं की यूस्कॅन हा प्रोग्राम लेखकाच्या मूळ टारबॉलमधून (कोडच्या गाठोड्यातून) ती काढून टाकतो आणि आवृत्तीपुढे 'अधिक डीएफएसजी' लागतं. मॉडेल ओढणारा भाग पॅच (कोडमधला छोटा बदल) लावून बंद केला. (फाइल काढल्यावर टेस्ट चालवून बघा. त्यातल्या निम्म्या तिच्यावरच टेकलेल्या असतात.)

संवाद मग आम्हीच लिहिले. मॅडमनी शाईपेनानं रजिस्टरच्या मागच्या पानांवर प्रश्न उतरवून दिले: "दिवाळी अंक आले का?", "माझ्या कार्डावर किती पुस्तकं निघतात?", "दंड किती झाला?" वापरायची परवानगी मेलवर लेखी द्या म्हटलं तर म्हणाल्या, "याला पण लायसन्स लागतं व्हय?" लागतं. तुम्हीही असं काही करणार असाल तर ती मेल पहिल्याच दिवशी घ्या.

माझ्या वतीनं पॅकेज संग्रहात चढवणारा प्रायोजक मेंटर्स या डेबियनच्या साइटवर मिळाला. तिथं टाकायला जीपीजी की (डिजिटल सहीची किल्ली) लागते, ती आधीच करून ठेवा. 'न्यू'च्या रांगेत नवं पॅकेज माणसं स्वतः तपासतात, त्यामुळे रोज उठून बघण्यात अर्थ नाही. मी बघायचो. 'ॲक्सेप्टेड' आलं तेव्हा घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं. कुणाला काही कळलं नाही.

एक राहिलंच. नवं पॅकेज आधी अनस्टेबल या डेबियनच्या ताज्या शाखेत जातं, तिथून टेस्टिंगमध्ये. वाचनालयात आहे स्टेबल, म्हणजे पक्की आवृत्ती, आणि त्यात नवी पॅकेजं मधेच येत नाहीत. त्यासाठी बॅकपोर्ट्स (स्टेबलला नवी पॅकेजं पुरवणारा विभाग), आणि त्याची रांग वेगळी. मॅडमना हे अजून सांगायचंय.