रेजेक्सने माझा काना खाल्ला
काल अभंगांची एक फाईल घेऊन शब्द मोजायला बसलो, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत रेजेक्स (मजकुरात नमुना शोधायची खुणांची भाषा) वापरून नेहमीचा बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस, म्हणजे 'सलग अक्षरं शोध' ही खूण, टाकला आणि 'मराठी'चे हातात आले दोन तुकडे, 'मर' आणि 'ठ'! पायथनचं री मॉड्यूल, म्हणजे रेजेक्स चालवणारा भाग, काना-वेलांटीला अक्षर धरतच नाही, युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या अक्षरांच्या क्रमवार यादीत) त्या वेगळ्या खुणा आहेत ना. हे खरंच मनाला लागतं, काना गेला तर शब्द उरतो कुठे? मग 'यातलंच काहीही शोध' असं सांगणाऱ्या चौकटी कंसात युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा १२८ जागांचा ब्लॉक दिला, शब्द नीट आले पण 'विठ्ठल॥' असे दंडही चिकटून आले, कारण । आणि ॥ त्याच ब्लॉकमध्ये बसतात. शेवटी ते दोन वगळून रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतची अक्षरं ते, दोन भागात लिहिली. आकडे मात्र त्यांच्यासाठीच्या बॅकस्लॅश डी या खुणेला बरोबर कळतात, ॥१॥ मधला १ लगेच सापडला.